शेतकरी आत्महत्यांना 'नरसंहार' म्हणू नका

वणीचा वकील:
काल एका भावानं इथं लिहिलं, 'विदर्भातल्या आत्महत्या म्हणजे नरसंहारच, सरकारला हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात खेचा.' रात्रभर डोक्यातून गेलं नाही. नरसंहाराविरुद्धच्या १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारात राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट संपवण्याचा हेतू लागतो, पूर्ण गट असो की त्याचा भाग. शेती हा धंदा आहे, या चारांत कुठं बसतो? बोस्नियानं शेजारच्या सर्बियावर त्याच हेगच्या कोर्टात १९९३ ला केस लावली, निकाल २००७ ला. बोस्नियातल्या स्रेब्रेनिका गावात नरसंहार झाला हे कोर्टानं मान्य केलं, सर्बियानं तो रोखला नाही हेही. भरपाई मात्र एक पैसा नाही. शब्द असा उधळला तर ज्यांच्यावर खरोखर ओढवलं त्यांची बाजू आणखी लंगडी होते.

दारव्ह्याचा कास्तकार:
पोस्ट माहीच हाय, वकीलसाहेब. कलमं तुमाले पाठ, वावर आमाले. जगणंच अशक्य करून गट संपवणं, हेही त्या करारात हाय ना? २०१७ ले बोंडअळी आली. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी, कापूस पिवळा, सरकी पोकळ. हे कोनं लादलं आमच्यावर?

वणीचा वकील:
'जाणूनबुजून' हा शब्द गाळून वाचू नका.

आर्णीचा मास्तर:
आफ्रिकेतल्या रवांडात १९९४ ला नरसंहार झाला, शंभरेक दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली. त्या एका वर्षात देशाचं उत्पन्न निम्म्यावर आलं. पुढं गावोगाव 'गचाचा' पंचायती बसल्या, त्यात सगळ्यात जास्त खटले लुटीचे. शेजाऱ्याची गाय कोणी खाल्ली, घराचे पत्रे कोणी नेले. फेडायचा हुकूम झाला, पण बऱ्याच जणांकडं फेडायला काहीच नव्हतं. शेजारीच मारेकरी होता, भाऊ. आपलं दुःख त्याच्याशी मोजू नका.

पुसदची ताई:
भरपाईचं निघालं म्हणून लिहिते. आमचे हे गेले २०१५ ला. नियमानं एक लाख, तीस हजार हातात, बाकीची ठेव. आम्ही अपात्र. सातबारा सासऱ्यांच्या नावावर, कर्ज बिनपरवान्याच्या सावकाराचं. कचेरीतले साहेब म्हणाले, 'हे शेतकरी होते याला पुरावा काय?' त्यांच्या हाताचे घट्टे मी रोज पाहिले. तुम्ही कलमं लावत बसा.

दारव्ह्याचा कास्तकार:
आमच्या काकूचंही हेच झालं. चिठ्ठीवरचं कर्ज, चिठ्ठी सावकाराजवळ. सांगा वकीलसाहेब, हे जाणूनबुजून नाही त काय?

वणीचा वकील:
अन्याय आहे. नरसंहार नाही. आवाज चढवून कलम बदलत नाही.

दारव्ह्याचा कास्तकार:
आवाज तुमीच चढवला! तुमच्या घरचं कोनी गेलं असतं त असं बोलले नसते.

वणीचा वकील:
माझा मावसभाऊ गेला, २००८ ला. प्रकरण पात्र ठरलं, कारण वावर त्याच्या नावावर होतं. तेवढ्या एका कागदानं फरक पडला, हे मी मान्य करतो. ताईंचं चुकीचंच झालं.

दारव्ह्याचा कास्तकार:
बरं. हेगचं मागं घेतो. सरकारले मात्र मोकळं सोडत नाही.

पुसदची ताई:
सासरेही वारले, २०१९ ला. सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव. दीर सही देत नाही.

वणीचा वकील:
वारस नोंदीला दिराची सही लागत नाही, ताई. मृत्यूचा दाखला जोडून तलाठ्याकडं वारसाचा अर्ज द्या, मुलांची नावंही घाला. पोच घेतल्याशिवाय उठू नका.