अनुभव धागा: खान्देशात कुंडीतल्या बिगोनियाला मे महिना कसा पार करवलात?

जळगाव (धागा मीच सुरू करते आहे)

गेल्या नऊ वर्षांत माझ्या घरी अकरा बिगोनिया आले. आज त्यातले चार आहेत, आणि त्यातला एक सहा वर्षांचा आहे. गेलेल्या सातांपैकी पाच मे महिन्यात गेले. आपल्याकडे बहुतेकांची गोष्ट अशीच असते. दिवाळीनंतर पुण्याकडच्या नर्सरीची गाडी येते, फुलांनी भरलेलं रोप घरी येतं, फेब्रुवारीपर्यंत ओटा उजळून निघतो आणि अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत कुंडी रिकामी होते. मग "आपल्याकडे नाही होत हे झाड" म्हणून विषय संपतो. मला तो संपू द्यायचा नाही.

या झाडाला 18 ते 27 अंश मानवतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 43-45 पर्यंत चढतो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. रेक्स जातीचं मूळ आसामकडच्या डोंगरात आहे, बारीक फुलांच्या वॅक्स बिगोनियाचं दक्षिण अमेरिकेत. सह्याद्रीच्या घाटात पावसाळ्यात ओल्या कातळावर गुलाबी फुलणारा रानबिगोनिया पाऊस सरला की वरून सुकतो आणि खाली कंदात झोपून राहतो. ओली हवा हवी, पण मुळाशी पाणी साचायला नको, असं हे कूळ.

माझे पाच उन्हानं गेले असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. ते गेले पाण्यानं. दुपारी पानं मान टाकायची, मी धावत जाऊन तांब्याभर पाणी ओतायची. एवढ्या उष्म्यात पानांतून जितकं पाणी उडतं तितकं मुळं ओढू शकत नाहीत, म्हणून माती ओली असतानाही झाड लोंबतं. त्यात आणखी पाणी घातलं की मुळं गुदमरतात. मेलेलं रोप उपटलं तेव्हा मुळं तपकिरी आणि बुळबुळीत होती, वास येत होता. आता पेरभर बोट मातीत घालून बघते. ओल लागली तर पाणी नाही. कुंडी फक्त आतल्या खोलीत नेते, रात्री आठपर्यंत झाड पुन्हा उभं राहतं.

दुसरी चूक काळ्या मातीची. कपाशीला ती सोन्यासारखी, पण कुंडीत चिकट होऊन पाणी धरते आणि वाळली की भेगाळून बारीक मुळं तोडते. माझं मिश्रण असं: कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन भाग; गांडूळ खत, जाड वाळू आणि जळलेलं भाताचं तूस प्रत्येकी एक भाग; वर मूठभर निंबोळी पेंड. मुळं उथळ असतात, म्हणून कुंडी खोल नको, पसरट हवी. सहा इंचांची पुरते. मोठ्या कुंडीत लहान रोप लावलं की न वापरलेली माती ओली राहते आणि पुन्हा तेच दुखणं.

लिहिताना एवढं सांगाच: कोणता बिगोनिया, कुठे ठेवता, मे कसा काढला.

भुसावळ

ताई, आमच्या गावाचा उन्हाळा सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मी रेल्वेतून निवृत्त झालो. क्वार्टरला जाड भिंती आणि खोल व्हरांडा होता, तिथे ठिपकेदार पानांचा केन बिगोनिया बारा वर्षं राहिला. निवृत्तीनंतर स्लॅबच्या घरात आलो आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्याची पानं कडेनं भाजून कागदासारखी झाली. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर उष्णता सोडत राहतो. झाडाला रात्रीचा गारवाच मिळत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मग माठाची युक्ती केली. बिगोनिया मातीच्या कुंडीत, ती कुंडी तिच्याहून मोठ्या मातीच्या कुंडीत, आणि मधल्या जागेत वाळू. पाणी झाडाला नाही, वाळूला घालतो, सकाळ-संध्याकाळ. बाहेरच्या कुंडीच्या अंगातून पाणी झिरपून उडतं आणि आतली माती गार राहते. झाडाला वेगळं पाणी चार-पाच दिवसांतून एकदा, तेही बोट घालून पाहिल्यावर. तीन उन्हाळे झाले. मेमध्ये फूल येत नाही, नवं पानही क्वचितच येतं, पण खोड हिरवं आणि टणक राहतं. मृगाचा पाऊस पडला की पंधरा दिवसांत पेरापेरातून कोंब. त्या महिन्यांत झाडाकडून एवढीच अपेक्षा धरावी असं माझं मत झालं आहे.

बाहेरच्या कुंडीला तेल-रंग देऊ नका. रंग दिला की कुंडी झिरपत नाही.

रावेर तालुका

आमची केळी आहे. केळीच्या बागेला आम्ही कडेनं शेवरी किंवा गजराज गवताचं कुंपण लावतो, उन्हाळ्यातली गरम झळ आणि हिवाळ्यातला गार वारा अडवायला. बागेत शिरलं की अंगाला फरक कळतो. बायकोच्या सात कुंड्या एप्रिलमध्ये घरी करपायला लागल्या, तेव्हा मी त्या उचलून बागेत तिसऱ्या ओळीत नेऊन ठेवल्या. वर केळीच्या पानांचा मांडव, खाली ठिबकचा ओलावा. एक सोडून सगळ्या जगल्या. जी गेली ती ठिबकच्या नळीला खेटून होती, थेंब सरळ कुंडीत पडत होता.

तेव्हापासून गुढीपाडवा झाला की कुंड्या शेतात जातात आणि जूनअखेर परत येतात. खाली वीट ठेवतो, म्हणजे भोक चिखलानं बुजत नाही.

खताचं सांगतो, कारण आपल्याकडे ही चूक घरोघरी होते. ठिबकसाठी आणलेलं 19:19:19 खत घरात पडलेलं असतं, आणि भाऊ लोक चमचाभर कुंडीत टाकून मोकळे होतात. हे झाड हलक्या खाण्याचं आहे. लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, जुलै ते ऑक्टोबर आणि पुन्हा फेब्रुवारीत. एप्रिल-मेमध्ये काहीच नाही. युरिया तर कधीच नको.

धुळे

तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, उत्तरेची बाल्कनी. उत्तर म्हणजे सावली असं समजून मी निर्धास्त होते. मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता बघते तर रेक्सवर तिरपं ऊन. आपलं खान्देश साधारण 21 अंश अक्षांशावर आहे. मार्चनंतर सूर्य ईशान्येकडे उगवायला आणि वायव्येकडे मावळायला लागतो, आणि मेअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारीही तो डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. म्हणजे हिवाळ्यात ज्या बाल्कनीत ऊन फिरकत नाही, तिथेच उन्हाळ्यात येतं. आता मार्च संपायच्या आत 75 टक्के सावलीची हिरवी जाळी पश्चिमेच्या बाजूनं बांधते. ज्यांची बाल्कनी उत्तरेची आहे त्यांनी एकदा मेमध्ये दिवसभर ऊन कुठून कुठे जातं ते बघून घ्याच.

पाण्याबद्दल. आमच्याकडे नळ रोज येत नाही, म्हणून बोअरचं पाणी घालत होते. वर्षभरात कुंडीच्या कडेला पांढरा थर आणि पानांच्या कडा करड्या. ते क्षार. त्याहून मोठी चूक म्हणजे कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून मी ते झाडांना दिलं. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, म्हणजे टाकीतलं पाणी बोअरपेक्षाही खारट. दोन रोपं त्यानं गेली. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र हवेतल्या वाफेचं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. शेजारच्या काकूंच्या एसीखाली आता माझी बादली असते.

कूलरची हवा मात्र कामाची. कूलर चालतो त्या खोलीत, झोताच्या समोर नव्हे, कोपऱ्यात खिडकीजवळ कुंड्या ठेवते. ती ओलसर हवा रेक्सला खूप मानवली. सासूबाई अजूनही रोज आठवण करतात, "इतलं पानी नको टाकू, सडी जाई."

शहादा, आधी तोरणमाळ

मी शिक्षक आहे. चार वर्षं तोरणमाळला होतो. हजार मीटरहून जास्त उंची, मेमध्येही पहाटे पांघरूण लागतं. पत्र्याच्या डब्यात लावलेला वॅक्स बिगोनिया तिथे वर्षभर फुलत होता आणि मी त्याच्यासाठी काहीही करत नव्हतो. बदली झाली, डबा घेऊन घाट उतरलो. शहाद्यात एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तो गेला. मला फार लागलं ते. पत्र्याचा डबा इथे तव्यासारखा तापतो हे ध्यानातच आलं नव्हतं.

नंदुरबार

सगळे उन्हाळ्याचं लिहीत आहेत, माझं नुकसान थंडीत झालं. डिसेंबरमध्ये पानांवर पीठ भुरभुरल्यासारखे पांढरे गोल डाग पडले. मिरची करतो, त्यामुळे भुरी ओळखली. दिवसा कोरडं आणि रात्री गार, शिवाय मी कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या होत्या, वारा खेळत नव्हता. डाग पडलेली पानं खुडून जाळली, कुंड्यांत वीतभर अंतर ठेवलं, पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम सकाळी फवारलं. आठ दिवसांनी पुन्हा एकदा. थांबली. गंधक थंडीतच वापरा. पारा 32 च्या वर असताना मारलं तर पानं भाजतात. आणि पाणी नेहमी मातीला, पानांवर नाही. मला वाटतं, आपल्याकडे "ओलावा हवा" म्हणून लोक पानांवर जे फवारे मारतात त्यानं पानांवर कूज वाढते. ओलावा द्यायचा तर बशीत खडे भरून पाणी ठेवावं आणि कुंडी खड्यांवर, पाण्याच्या वर ठेवावी.

चोपडा

एक छोटी सूचना. घरात मांजर किंवा कुत्रं असेल तर बिगोनिया वर टांगा. रसात ऑक्झॅलेट असतात, चघळलं तर तोंडाची आग होऊन लाळ गळते. कंदात हे जास्त. आमच्या मांजरीला एकदा झालं, तेव्हापासून सगळ्या कुंड्या छताच्या कडीला.

अमळनेर

रेक्सचं पान लावून रोप करण्याबद्दल मला बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून इथेच लिहिते. जुन्या नाही, कोवळ्याही नाही, अशा पानाचं देठ बोटभर ठेवून तोडायचं. पान उलटं करून जाड शिरांना ब्लेडनं पाच-सहा ठिकाणी छेद द्यायचे. ओल्या कोकोपीटवर पान सुलटं पसरायचं, म्हणजे छेद खाली टेकतात. वर दोन-चार बारीक खडे, आणि मिठाईच्या पारदर्शक डब्याचं झाकण लावायचं. दिवसातून एकदा झाकण उघडून हवा द्यायची. माझ्याकडे पाच ते सात आठवड्यांत छेदाजवळ बाळपानं येतात. जुलै-ऑगस्टमध्येच करते. नोव्हेंबरात केलेलं पान दोन महिने नुसतं हिरवं राहिलं आणि शेवटी काळं पडलं.

चाळीसगाव

माझ्याकडचा केन बिगोनिया आईचा. तिच्या धाब्याच्या घराच्या ओसरीत तो माझ्या लग्नाआधीपासून होता. दर अखाजीला माहेरी गेले की आई एक छाट ओल्या फडक्यात गुंडाळून द्यायची आणि दरवेळी ती माझ्या घरी सुकायची. तीन वर्षं असं झालं. आईला वाटायचं मी लक्ष देत नाही, मला वाटायचं माझ्या हाताला गुण नाही. चौथ्या वर्षी ती म्हणाली, आता कानबाईला (श्रावणातल्या आपल्या सणाला) ये तेव्हा देईन. श्रावणात दिलेल्या छाटेनं बारा दिवसांत मुळं सोडली. चूक अखाजीच्या उन्हाची होती, आम्हा दोघींची नव्हती.

छाट तीन पेरांची घ्यायची, खालचं पान काढायचं, एक पेर पाण्यात किंवा ओल्या वाळूत जाईल असं ठेवायचं. मुळं बोटभर झाली की कुंडीत, आणि दोन नवी पानं फुटली की शेंडा खुडायचा, नाहीतर झाड काठीसारखं एकटंच वर जातं.

आई गेल्या वर्षी गेली. ओसरीतली कुंडी भावानं माझ्याकडे पाठवली, म्हणून यंदा कानबाईला मी चार छाटा केल्या. एक नणंदेला, एक भाचीला, एक शेजारच्या आजींना. चौथी अजून काचेच्या ग्लासात आहे, मुळं अर्ध्या बोटाएवढी झाली आहेत. जळगावच्या ताईंना हवी असेल तर सांगा. पोळ्याच्या आत एसटीनं पाठवते, म्हणजे थंडी पडायच्या आधी ती कुंडीत रुळेल.