विषय: वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे, विमानाला नक्की वेळ किती?

नमस्कार मंडळी,
सुट्टीत आईला घेऊन स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर जायचं चाललंय आणि तिला तिथल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे ह्या दोन बेटांमधलं, जगातलं सगळ्यात कमी अंतराचं नियमित विमान उड्डाण करायचंच आहे. अंतर काढणाऱ्या साइटवर बघितलं तर अंतर २.७ किमी आणि वेळ एका ठिकाणी अर्धा तास, दुसरीकडे चक्क १२ सेकंद! काय धरायचं? माहितगारांनी सांगा प्लीज.

---

उत्तर:

ताई, दोन्ही आकडे सोडून द्या. ह्या साइट दोन विमानतळांमधलं सरळ हवाई अंतर घेतात आणि त्याला मोठ्या जेटच्या ताशी ८०० वगैरे किमी वेगाने भागतात, तिथून आले तुमचे १२ सेकंद, आणि काही साइट उड्डाण-लँडिंगसाठी सरसकट अर्धा तास वर टाकतात, की झाला अर्धा तास. ह्या रूटवर जातं ते आयलंडर, दोन पंख्यांचं आठेक प्रवाशांचं विमान, ताशी २४० च्या आसपास जाणारं. टाइमटेबलमध्ये दोन मिनिटं असतात, वारा बरोबर असला तर त्याहून कमी, रेकॉर्ड ५३ सेकंदांचं आहे. लोगनएअर ही विमान कंपनी १९६७ पासून हे चालवतेय, बेटांवरच्या लोकांसाठी ती रोजची एसटीच आहे, त्यामुळे निव्वळ गंमत म्हणून बघू नका.

छोट्या विमानाला वारा फार लागतो हेही लक्षात असू द्या. समजा ४५ किमी जायचंय, वारा नसेल तर सव्वाअकरा मिनिटं, समोरून ताशी ६० चा वारा आला की पंधरा, आणि तोच पाठीमागून असला तर नऊ. मोठ्या जेटला एवढ्या वाऱ्याने इतका फरक पडत नाही.

---

उत्तर:

वरच्या दादांना अनुमोदन, फक्त एक भर घालते. स्कॉटलंडच्याच पश्चिमेला असलेल्या ‘बारा’ (Barra) नावाच्या बेटाला गेलात तर तिथे धावपट्टी म्हणजे समुद्रकिनाऱ्याची वाळू, भरतीला ती पाण्याखाली जाते, म्हणून टाइमटेबलच ओहोटी बघून लावतात! तिथे अंतर बघून वेळ काढायचा प्रश्नच येत नाही, त्या दिवसाचं टाइमटेबलच बघायचं.

---

उत्तर:

खूप आभार दोघांचे! मग कर्कवॉलहून (ऑर्कनीचं मुख्य गाव) त्याच दिवशी संध्याकाळचं परतीचं मोठं विमान पकडता येईल का?

---

उत्तर:

कागदावर येईल पण मी तरी तसं करणार नाही. धुकं आलं की छोटी विमानं थांबतात, आणि आई बरोबर आहेत तर धावपळ कशाला, एक रात्र कर्कवॉलला राहा. सामानाचं वजन आधी विचारून घ्या, एवढ्या लहान विमानात माणसांनाही वजन बघून बसवतात. आणि पापा वेस्ट्रेवर उतरल्यावर लगेच परत फिरू नका, नॅप ऑफ हावरची दगडी घरं बघा, पिरॅमिडपेक्षा जुनी आहेत, आईंना नक्की आवडतील.