ग्लुटाथायोन लावूनही चांदीचा सोल (द्रवात तरंगणारे नॅनोकण) उतरतोय, सोन्याचा मात्र जसाच्या तसा

रसायन_सांगली (एमएस्सी, दुसरं वर्ष)
प्रोजेक्टसाठी सिट्रेटने सोन्याचे आणि चांदीचे नॅनोकण बनवले. सोनं गडद लाल, पीक (ज्या तरंगलांबीला प्रकाश सर्वांत जास्त शोषला जातो ते शिखर) ५२० नॅनोमीटरला. चांदी पिवळी, पीक ४०५ ला. नंतर दोन्हींना ग्लुटाथायोन लावलं, म्हणजे कणांवर बसणारा गंधकयुक्त लिगंड (आवरणाचा रेणू). आता मिठाचं पाणी घातलं तरी सोनं निळं पडत नाही. चांदीचं पीक जागचं हललेलं नाही, रुंदही झालेलं नाही, पण उंची सतत कमी होतेय. दोन्ही बाटल्या खिडकीजवळच्या रॅकवर आहेत. लिगंड वाढवून पाहिलं, तर पीक आणखी भरभर उतरलं. असं का?

प्लाझमॉन_पुणे
पीक हललं नाही, नुसती उंची गेली, हे तुम्ही नीट टिपलंत. उत्तर त्यातच आहे. कण एकमेकांना चिकटले की त्यांचे प्लाझमॉन (प्रकाशाने कणातल्या इलेक्ट्रॉनांचं एकत्र झुलणं, पीक येतं ते त्यामुळेच) एकमेकांत गुंततात, पीक लाल बाजूला, म्हणजे जास्त तरंगलांबीकडे सरकतं आणि तिकडे लांब शेपूट दिसते. सिट्रेटचं सोनं मिठात निळं पडतं ते त्यामुळे. तुमच्या चांदीत यातलं काहीच नाही. ती चिकटत नाहीये, विरघळतेय.

लिगंड कणांना एकमेकांपासून लांब ठेवतो. सिट्रेट हे ऋणभाराच्या जोरावर करतं आणि ०.१ मोलर मिठात त्या भाराची पोच जेमतेम १ नॅनोमीटर उरते. ग्लुटाथायोन गंधकाने धातूला धरतं, म्हणून तुमचं सोनं टिकलं. पण हवेतल्या ऑक्सिजनपासून धातू वाचवणं हे निराळं काम आहे, आणि तिथे धातूचा स्वभाव आड येतो: प्रमाण विभव (जितकं कमी, तितका धातू सहज आयन होऊन सुटतो) सोन्याचं १.५० व्होल्ट, चांदीचं ०.८०. चांदीचा आयन सुटला की मोकळा थायोल (ग्लुटाथायोनसारखा गंधकाने धातू धरणारा रेणू) त्याला पकडून बसतो, मग पुढचा आयन सुटणं सोपं होतं. लिगंड वाढवल्यावर उतरण वाढली ती अशी.

आणि कृपा करून चांदीवर साध्या मिठाची चाचणी करू नका! क्लोराइडमुळे सिल्व्हर क्लोराइड होतं आणि चिकटणं-विरघळणं यांची सरमिसळ होते. सोडियम नायट्रेट घ्या. चांदीच्या सोलची काचभांडीही अम्लराजाने (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लाचं मिश्रण, त्यातही क्लोराइड असतं) धुऊ नका, नायट्रिक आम्ल वापरा. या दोन गोष्टी प्रत्येक प्रयोगशाळेच्या दारावर लिहायला हव्यात असं मला मनापासून वाटतं.

खिडकी_बंद_ठेवा
उजेडही बघा. २००१ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ मिर्किन यांच्या गटाने नुसत्या प्रकाशाने चांदीचे गोल कण त्रिकोणी केले होते, पिवळ्याचा रंग निळा झाला. बाटलीला फॉइल गुंडाळा.

रसायन_सांगली
धन्यवाद सर. अजून एक. आमच्या सीनियर ताईंनी ग्लुटाथायोनचेच सोन्याचे क्लस्टर (मोजक्या अणूंचे पुंजके) केलेत. त्यात ५२० चं पीक दिसतच नाही, ६७० च्या आसपास काहीतरी येतं. फसलं का ते?

प्लाझमॉन_पुणे
उलट, अभिनंदन करा त्यांचं! साधारण २ नॅनोमीटरच्या खाली प्लाझमॉन उरत नाही, कण रेणूसारखा वागतो. ६७० चं पीक हे २५ सोनं आणि १८ थायोलच्या क्लस्टरचं ओळखीचं लक्षण. आत १३ अणूंचा गाभा, भोवती सहा कड्या, प्रत्येकीत २ सोनं आणि ३ गंधक. २००८ मध्ये या जातीच्या क्लस्टरची स्फटिकरचना सुटली. प्रत्येक थायोल एक इलेक्ट्रॉन अडकवतो, आणि एकूण १ ऋणभार धरला तर २५ वजा १८ अधिक १, म्हणजे ८ मोकळे इलेक्ट्रॉन, भरलेलं कवच. टिकाऊपणा तिथून येतो.

चांदीलाही हे जमतं. २०१३ मध्ये ४४ चांदी आणि ३० मर्कॅप्टोबेन्झोइक आम्लाचा (हाही थायोलच) क्लस्टर आला, ऋणभार ४, म्हणजे १८ इलेक्ट्रॉन, हेही भरलेलं कवच. त्यात लिगंड एकमेकांना हायड्रोजन बंधांनीही धरून ठेवतात. चांदी इतकी टिकू शकते हे पाहून मला तेव्हा फार आनंद झाला होता. त्याच्या स्पेक्ट्रममध्ये (कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश शोषला याचा आलेख) एक नाही, बरीच पीकं दिसतात.

तुमच्यासाठी सध्या एवढं करा: त्याच सोलचे दोन भाग, एक हवेत, एक नायट्रोजनखाली, दोन्ही अंधारात. हवेतलाच उतरला तर ऑक्सिजन ठरला. ३०० ते ८०० नॅनोमीटरचा पूर्ण स्पेक्ट्रम घेऊन इथे टाका, फक्त पीकचा आकडा नको.