बाक रिकामा आहे, सोमवारी पोरांना काय सांगू?

नववीची वर्गशिक्षिका, भांडुप:
गुरुवारी माझ्या वर्गातल्या एका मुलाने जीव दिला. मॅनेजमेंट म्हणतंय सोमवारी ग्राउंडवर सगळ्या शाळेसमोर फोटोला हार, दोन मिनिटं मौन आणि लगेच तास सुरू. काही शिक्षक म्हणतात विषयच काढू नका, पोरांच्या डोक्यात नको ते येईल. पण व्हॉट्सॲपवर तर सगळं फिरतंय, कसं झालं कुणामुळे झालं... कुणी यातून गेलंय का, प्लीज सांगा.

शाळेत कौन्सेलर, दादर:
मॅडम, ग्राउंडवरचं थांबवा. एवढ्या गर्दीत कोण कोसळतंय ते दिसत नाही. वर्गावर्गात सांगा, पोरांच्या ओळखीच्या शिक्षकाने, आणि सगळीकडे तोच मजकूर. त्याआधी आईवडिलांना विचारा काय सांगितलेलं चालेल, ते आत्महत्या शब्द नको म्हणाले तर नको, पण खोटं कारणही देऊ नका. कसं केलं, चिठ्ठी होती का, यावर एक शब्दही नाही. "कुणामुळे" असं पोरं विचारतीलच, तेव्हा सांगा की असं एका कारणाने होत नाही. हार-फोटोचं म्हणाल तर एखादं मूल आजाराने गेलं असतं तर जेवढं केलं असतं तेवढंच करा, कारण आधीच खचलेलं पोर हे सगळं बघत असतं. आणि विचारल्याने डोक्यात येतं हे खरं नाही, काळजी वाटते त्या पोराला बाजूला घेऊन सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का. हो म्हणालं तर एकटं सोडू नका.

रिटायर्ड शिक्षक, गिरगाव:
आमच्याकडे झालं तेव्हा सगळ्यांनी जवळच्या मित्रांना सांभाळलं, पण आदल्या दिवशी त्याच्याशी भांडलेली एक मुलगी होती तिच्याकडे आमचं कुणाचंच लक्ष गेलं नाही. दोन आठवडे ती धड जेवत नव्हती, आई सांगायला आली तेव्हा कळलं. अजून वाईट वाटतं मला त्याचं. क्लासमधली, बसमधली पोरंही बघा ताई. बाक रातोरात हलवू नका, पोरांशी बोलून ठरवा. 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फळ्यावर लिहून ठेवा, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. तुम्हीपण त्यावर फोन करा.

नववीची वर्गशिक्षिका, भांडुप:
प्रिन्सिपल सरांना दाखवलं, ग्राउंडचं कॅन्सल केलं त्यांनी. आता त्याच्या आईला फोन लावतेय, हात थरथरतायत.

शाळेत कौन्सेलर, दादर:
फोन नको मॅडम, घरी जा. सरांना सोबत घ्या.