मदत हवी आहे: बोलोन्यात अंडंही न खाणाऱ्या सासूबाईंना कुठे जेवायला न्यावं?

मंडळी, एप्रिलमध्ये आम्ही इटलीत बोलोन्याला आठवडाभर जातोय. नवऱ्याला तिथल्या फिएरात, म्हणजे प्रदर्शनाच्या मैदानावर, ट्रेड शो आहे, तो दिवसभर तिकडे, मी आणि सासूबाई गावात मोकळ्या. राहायला व्हिया इंदिपेन्देन्झाजवळ छोटा फ्लॅट घेतलाय, किचन आहे. खाण्याचं त्रांगडं असं की नवरा सर्वभक्षी, मी अंडं आणि चिकनपर्यंत, आणि सासूबाई कट्टर शाकाहारी, अंडं घातलंय कळलं की केकचा तुकडासुद्धा बाजूला. कांदालसूण चालतं हे नशीब.

सगळे म्हणतात इटलीत काय टेन्शन, पास्ता-पिझ्झा आहेच की. पण बोलोन्याबद्दल वाचत गेले तसा घाम फुटायला लागला. तालियातेल्ले, लझान्या, तोर्तेल्लिनी सगळं अंड्यात मळलेल्या पिठाचं, त्यात तोर्तेल्लिनीच्या पोटात डुक्कर आणि वरून कोंबडीच्या सूपमध्ये पोहणारं, आणि क्रेशेन्तिना, म्हणजे तिथल्या पुऱ्या, डुकराच्या चरबीत तळलेल्या. आणि पार्मेजान चीजमध्ये वासराचं रेनेट, म्हणजे दूध फाडायला वापरतात तो वासराच्या पोटातला पदार्थ, असतो हे मी घरात अजून बोललेलेच नाहीये.

तर तिथे राहिलेल्या किंवा जाऊन आलेल्या कुणी सांगाल का, तिघांना एका टेबलावर बसून नीट जेवता येईल अशी जागा कुठे, दुपारी आम्ही दोघींनी काय खायचं, आणि ऑर्डर देताना नेमकं काय विचारायचं? इंडियन रेस्टॉरंट सुचवू नका प्लीज, तेवढ्यासाठी इटलीला कशाला जायचं. सासूबाईंनाच नवीन काहीतरी खायची हौस आहे, फक्त नियम सोडून नाही.

- - -

खमंग_काकडी:

मी शिकायला बोलोन्यात होते, आता मोदेनात असते, त्यामुळे हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे. तिथे शाकाहारी म्हटलं की वेटर हसून रिकोत्ताचे तोर्तेल्लोनी आणतो, लोणी आणि सेजची पानं घातलेले. तुमच्यासाठी अप्रतिम, नक्की खा. पण सासूबाईंना नाही, कारण अंडं पिठातच. त्यांच्यासाठी 'पास्ता दि सेमोला, सेन्झा उओवा' असं विचारायचं, म्हणजे रव्याचा सुका पास्ता, आणि तो 'अल पोमोदोरो', म्हणजे टोमॅटोच्या सॉसमध्ये, वर चीज नको म्हणून आधीच सांगायचं. मेन्यूत नसला तरी बऱ्याच त्रात्तोरियात, म्हणजे साध्या घरगुती खानावळीत, करून देतात, लहान मुलांसाठी करतातच ते. चव साधी पण टोमॅटो चांगला असेल तर मजा येते.

सगळ्यात सोपं म्हणजे नेपल्स पद्धतीचा पिझ्झेरिया. बेस म्हणजे पीठ, पाणी, मीठ, यीस्ट, बस. मारिनारा मागवा, त्यावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, चीजचा प्रश्नच नाही. नवरा तिथेच मोर्ताडेला, म्हणजे डुकराचं सॉसेज, घातलेला खाईल, तिघंही खूश.

बेकरीत मात्र जपून. क्रेशेन्ता म्हणून फोकाचासारखी पोळी मिळते, वरून निरागस दिसते आणि तोडली की आत हॅमचे गुलाबी तुकडे. पियादिना म्हणजे तिथली पातळ पोळी, तिच्यातही बहुतेकदा डुकराची चरबी असते, तिला स्त्रुत्तो म्हणतात, पण ऑलिव्ह ऑइलवालीही मिळते, 'सेन्झा स्त्रुत्तो' विचारा. फेराराचा तो पिळाचा ब्रेड, त्यातही तेच. फ्रिज्जोने म्हणजे कांदा-टोमॅटो तासन्‌तास शिजवलेला प्रकार, आपल्या जिभेला एकदम जवळचा, पण त्याच्याबद्दलही विचारूनच घ्या.

दुपारी उगो बास्सी रस्त्यावरच्या मेर्कातो देल्ले एर्बेला जा. भाजीबाजार आहे, आतच खायच्या जागा आहेत, एप्रिलमध्ये आर्टिचोक, शतावरी, ताजे मटार असतात. थोडं तिथे खा, थोडं फ्लॅटवर न्या. रविवारी जाऊ नका, बंद असतो. क्वाद्रिलातेरोच्या, म्हणजे जुन्या बाजाराच्या, गल्ल्या बघायला भारी आहेत, पण दारोदार डुकराच्या तंगड्या टांगलेल्या असतात, सासूबाईंना आधी कल्पना द्या.

आणि हो, ट्रेड शोच्या आठवड्यात रात्रीचं टेबल आठवडाभर आधी बुक करा. साडेसातच्या आत किचन उघडत नाही, दुपारी अडीचनंतर बंद. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी दोन-तीन युरो लागतात, ती फसवणूक नाही, पद्धत आहे.

- - -

बिनसाखरेचा_चहा:

नवऱ्याला सांगा, स्पॅगेटी बोलोनीज मागू नको, तिथे रागू, म्हणजे मांसाचा सॉस, तालियातेल्लेबरोबरच खातात. आणि हे लोक या बाबतीत इतके काटेकोर की शिजलेल्या तालियातेल्लेची रुंदी 8 मिलिमीटर अशी 1972 साली तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सकडे रीतसर नोंदवलीय, रागूची रेसिपी 1982 साली. आमच्याकडे पुरणपोळीवरून एवढं भांडतात पण नोंदणीपर्यंत कोणी गेलं नाही. स्वस्तात खायचं तर युनिव्हर्सिटीजवळ व्हिया मेन्तानावर ओस्तेरिया देल्लोर्सा, विद्यार्थ्यांची गर्दी असते. सासूबाईंचं तिथे कितपत जमेल कल्पना करा आणि ठरवा.

- - -

धागाकर्ती:

काकडी, तुम्ही देवासारख्या भेटलात, सगळं कॉपी करून ठेवलंय. अजून दोन गोष्टी. आइस्क्रीम चालेल का त्यांना? आणि रेनेटचं सांगू की गप्प बसू? नवरा म्हणतो कशाला उकरून काढतेस.

- - -

खमंग_काकडी:

सांगा हो, त्यांचा नियम आहे तर ठरवू द्या त्यांना. चीजमध्ये प्राण्याचं रेनेट नसलेलंही मिळतं, सुपरमार्केटात लेबलवर 'काल्यो वेजेताले' किंवा 'मिक्रोबियानो' लिहिलेलं बघा. पार्मिजानो रेज्जानोला मात्र पर्याय नाही, त्याच्या नियमातच वासराचं रेनेट आहे. जेलातोत क्रेमा फ्लेवरला अंड्याचा बलक असतो, तो टाळा, फळांची सॉर्बे बिनधास्त, बाकी फ्लेवरचे घटक दुकानात लिहिलेले असतात किंवा मागितले की दाखवतात.

आणि फ्लॅटवर किचन आहे ना, तर छोटा कुकर न्या, आधी शेगडी इंडक्शन आहे का ते घरमालकाला विचारा. मसूर डाळ तिकडे 'लेन्तिक्के रोस्से' नावाने कूप सुपरमार्केटात मिळते. हिंग मात्र घरून.