स्मार्ट म्हणजे नक्की काय? हुशार, देखणा की झोंबणारा?

'स्मार्ट' हा शब्द आपण इतका सर्रास वापरतो की तो आता मराठीच झालाय, आणि माझ्या मते म्हणूनच इंग्रजी बोलताना तो आपल्याला चकवतो. लग्नाच्या स्थळात "मुलगा स्मार्ट आहे" म्हटलं की आपल्याला कळतं की दिसायला बरा आहे, राहणी टापटीप आहे. शिक्षण-नोकरीचं वेगळं सांगतातच. आता हेच वाक्य एखाद्या अमेरिकन माणसापुढे इंग्रजीत बोला, तो समजेल मुलगा डोक्याने तल्लख आहे, दिसण्याचा विषय त्याच्या मनातही येणार नाही. ब्रिटनमध्ये "यू लुक स्मार्ट" म्हणजे कपडे नीटनेटके आहेत, सूट चांगला बसलाय, आणि हुशार माणसाला तिथे जास्त करून 'क्लेव्हर' किंवा 'ब्राइट' म्हणतात. हल्ली तिकडेही अमेरिकन अर्थ चालतो म्हणा. पण 'देखणा' हा अर्थ मात्र खास आपल्याकडचा, चेहरा चांगला म्हणून स्मार्ट असं तिकडे सहसा कोणी म्हणत नाही.

मला सगळ्यात आवडतं ते या शब्दाचं मूळ. जुन्या इंग्रजीत 'स्मार्ट' म्हणजे चक्क वेदना देणारं, झोंबणारं. जर्मनमध्ये वेदनेला 'श्मेर्त्स' म्हणतात तो याचाच भाऊबंद. क्रियापद तर अजूनही त्याच अर्थाने जिवंत आहे, कांदा चिरताना डोळे झोंबले तर "माय आइज आर स्मार्टिंग", अपमान झोंबला तरी "स्मार्टिंग फ्रॉम द इन्सल्ट". आधी 'स्मार्ट' फटका, म्हणजे सणसणीत बसलेला, मग बोलणं लागेल असं, मग असं बोलणारा तो चलाख, झटपट डोकं चालवणारा, आणि झटपट म्हणून चालही तशीच, "अ स्मार्ट पेस" म्हणजे झपझप चाल. कपड्यांचा अर्थ त्यानंतर, १८व्या शतकात रुळला. पूर्वी जखमी सैनिक-खलाशांना मिळणाऱ्या भरपाईला 'स्मार्ट मनी' म्हणायचे, वेदनेचे पैसे! आज त्याच शब्दजोडीचा अर्थ जाणकार गुंतवणूकदारांचा पैसा असा झालाय.

आणि आपल्याकडे बघा, जखम चुणचुणते आणि मूल चुणचुणीत असतं. 'स्मार्ट'ला इतका चपखल शब्द मला दुसरा दिसत नाही, त्यात चटपटीतपणाही आहे, तल्लखपणाही आहे आणि दिसण्यातली तरतरीसुद्धा, तरी आपण तो फक्त लहान मुलांसाठी राखून ठेवलाय याचं मला खरंच वाईट वाटतं. चाळिशीच्या बाईला चुणचुणीत म्हणायला काय हरकत आहे?

रागावून म्हटलेला 'स्मार्ट' वेगळा. "डोन्ट गेट स्मार्ट विथ मी" याचं भाषांतर 'माझ्याशी हुशार होऊ नकोस' असं कुठे दिसलं की मला अगदी राहवत नाही. अहो, "जास्त शहाणपणा करू नकोस" हे आपलं रोजचं वाक्य आहे! आपला 'शहाणा' पण तसाच दोन तोंडांचा, "शहाणं बाळ ते" म्हणजे कौतुक आणि "मोठा शहाणा लागून गेलास" म्हणजे खरडपट्टी. 'ओव्हरस्मार्ट' हा मात्र भारतीय इंग्रजीतला शब्द, आपल्यात अगदी रुळलेला, पण बाहेरच्यांशी बोलताना 'स्मार्ट अ‍ॅलेक' म्हटलेलं बरं. मराठीत तर आगाऊ, दीडशहाणा असे एकेक खणखणीत शब्द पडलेत.

निमंत्रणात 'स्मार्ट कॅज्युअल' लिहिलेलं असलं तर अर्थ साधा आहे, टाय नको पण चुरगळलेला टी-शर्ट आणि स्लिपरही नको, इस्त्रीचा शर्ट आणि धड बूट घालून जा.

राहिला फोनचा आणि मीटरचा 'स्मार्ट'. व्हिएतनाम युद्धात लेझरने नेम धरणारे बॉम्ब आले त्यांना 'स्मार्ट बॉम्ब' म्हणायला लागले, पुढे कार्ड आलं, फोन आला, २०१५मध्ये केंद्र सरकारचं स्मार्ट सिटी मिशन आलं आणि त्यात पुणंही होतं. इथे 'स्मार्ट' म्हणजे आत संगणक असलेलं किंवा आपलं आपण माहिती घेऊन-देऊन चालणारं, एवढंच. त्याला मराठीत 'स्मार्ट'च राहू द्यावं, 'चतुर भ्रमणध्वनी' म्हटलं तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील. माणसांसाठी मात्र आपले शब्द आधी आठवून बघा, आणि इंग्रजीत कोणाच्या रूपाचं कौतुक करायचं असेल तर सरळ 'हँडसम' नाहीतर 'गुड-लुकिंग' म्हणा.