कोजागिरीची नोटीस आणि 'मेनी मिल्क'

कुलकर्णी, बी-२०४: लिफ्टमधली कोजागिरीची नोटीस कुणी लिहिली? 'फोर ब्रेड्स अँड मेनी मिल्क फ्रॉम एव्हरी फ्लोअर'. पोरं फोटो काढून हसतायत.

माने, सेक्रेटरी: नमस्कार. चूक असल्यास क्षमस्व 🙏 पण मराठी नोटीस होती तेव्हा "इंग्रजीतही लावा" कोण म्हणालं, हे सर्वांना ठाऊक आहे.

देशपांडे काका: दूध किती लिटर सांगायचं? गवळ्याला रात्रीच कळवायचंय.

शिंदे वहिनी: फोर ब्रेड्समध्ये काय चुकलं? दुकानात चार ब्रेडच मागतो ना!

कुलकर्णी: वहिनी, मराठीत चालतं. इंग्रजीत लोफ मोजतात, स्लाइस मोजतात, ब्रेड नाही.

शिंदे वहिनी: हॉटेलच्या मेनूत 'इंडियन ब्रेड्स' असतं की.

कुलकर्णी: ते प्रकार. नान, रोटी, कुलचा. प्रकार मोजले की एस लागतो.

रोहन, ए-१०१: राइसचे दाणे तर मोजता येतात, मग व्याकरणात तो अनकाउंटेबल, म्हणजे न मोजता येणारा, का?

कुलकर्णी: कुणी मोजत बसत नाही म्हणून.

जोशी काकू: असं नसतं हो. व्हीट अनकाउंटेबल, पण ओट्स अनेकवचनी. मोजत दोन्ही नाहीत. आपलं तरी काय, गहू आणले पण ज्वारी आणली. पोहे झाले, उपमा झाला. आणि इंग्रजीत वाटाण्याला पूर्वी 'पीज' हेच एकवचन होतं. शेवटचा आवाज अनेकवचनाचा वाटला, म्हणून १७व्या शतकात लोकांनी तो काढून 'पी' केला. चुकीतूनच झालेला शब्द.

माने, सेक्रेटरी: धन्यवाद काकू 🙏🙏

देशपांडे काका: दूध किती लिटर?

रोहन: 'आय एट अ चिकन' म्हणजे अख्खी कोंबडी ना 😂

शहा, सी-३०२: कृपया कोजागिरीच्या चर्चेत कोंबडी नको.

पाटील, ए-४०३: गेल्या वर्षीच्या वर्गणीचा हिशोब काउंटेबल आहे का?

जोशी काकू: इंग्रजीत मनी अनकाउंटेबलच.

पाटील: तरीच.

माने, सेक्रेटरी: हिशोब बोर्डावर पंधरा दिवस होता. काहींची नजर फक्त व्याकरणावर असते.

कुलकर्णी: हे मला होतं का?

देशपांडे काका: अहो लिटर! लिटर तरी काउंटेबल आहेत ना?

माने, सेक्रेटरी: ४० सांगा काका.

देशपांडे काका: आत्ता फोन केला. गवळी म्हणतो उशीर झाला, २५च मिळेल.

शिंदे वहिनी: मग नोटिशीत मेनी खोडून 'लिटल मिल्क' करा.